वन्सं आणि नव्वद टक्के सवलत

वन्संना राग आला की त्यांचा आवाज खाली येतो. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना वाटतं, बाई निवल्या. बाजारातल्या दुकानदारांना मात्र चांगलं ठाऊक होतं. सव्वीस वर्षं माझी ही नणंद वजनमापे खात्यात निरीक्षक होती. हातात प्रमाणित वजनांची लाकडी पेटी घेऊन दुकानात शिरायच्या, तराजूवर आपलं वजन ठेवायच्या आणि काटा केसभर जरी इकडचा तिकडे झाला तरी अगदी हळू विचारायच्या, "मालक, हे काय आहे?" मालकाच्या कपाळावर घाम.

बाजारात त्यांना काटेवाल्या बाई म्हणत. घरात त्या ह्यांच्या धाकट्या बहीण, म्हणून अजून चिमीच. साडेपाच फूट उंचीची, पंचावन्न वर्षांची चिमी. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणतात, "आलेल्या एकाचंही वजन भरलं नाही."

तीन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिने चढणं बंद, म्हणजे दुकानं बंद, म्हणजे नोकरी संपली. आमच्या बाजूच्या खोलीत त्या दिवसभर पलंगावर पाय लांब करून बसायच्या आणि खिडकीतून समोरच्या भाजीवाल्याच्या काट्यावर नजर ठेवायच्या. तो बिचारा जागा बदलून कोपऱ्यावर गेला. शेवटी परगावी नोकरीला असलेल्या आमच्या मुलाने सुट्टीत येऊन आपला जुना कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत मांडून दिला. "आत्या, ह्यात एक गाव आहे. माणसं आहेत, बाजार आहे. जा तिथे आणि सगळ्यांचे काटे तपास."

थट्टेत बोलला, पण ते खरं झालं. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्याला. एक कल्पित मुलूख असतो आणि जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी आपापलं पात्र घेऊन तिथे वावरतात. कुणी सैनिक, कुणी वैद्य, कुणी चोर. मला पहिल्या दिवसापासून हे पसंत नव्हतं. माझी सकाळची प्रार्थना चालू असायची आणि शेजारच्या खोलीतून राक्षस गुरगुरल्याचे आवाज.

"वन्सं, ह्या वयात देवाचं नाव घ्यायचं की भुतांवर तलवार चालवायची?"

"तलवार कुठे घेतली मी? मी नदीकाठी बसून मासे धरते. तू ये, तुलाही एक गळ देते. माळ दुसऱ्या हातात ठेव."

पुढे लक्षात आलं की बाईंनी तिथेही नोकरीच काढली आहे. एक खेळ झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. प्रत्येकात त्या एकच पात्र करायच्या: गोणपाटासारखे कपडे घातलेली एक साधी बाई. ती लढत नाही. मासे धरते, लाकडं तोडते, बाजारात नेऊन विकते. बाजूला घड्याळ आणि रेघा मारलेलं रजिस्टर. खेळ फुकट म्हणून आत घ्यायचं आणि मग "पुढे जायचंय? पैसे टाका" म्हणायचं, अशी ह्या धंद्याची रीत. हे पहिल्यांदा कितव्या मिनिटाला होतं ते त्या टिपून ठेवायच्या. रजिस्टरात सदर होतं, 'हात केव्हा पसरला'. एकापुढे एकोणीस मिनिटं, दुसऱ्यापुढे चार. तिसऱ्यापुढे लाल शाईने, 'दारातच'. पुढची सदरं: पैसे न देणारा कुठे अडतो, एकट्यादुकट्या माणसाशी कुणी बोलतं का, शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढतात की नाही. असे चाळीस एक खेळ त्यांनी एकमेकांशेजारी मांडून ताडून पाहिले होते.

आणि सवलती. हे खेळ विकणारी ऑनलाइन दुकानं असतात, त्यांचा बारा महिने कुठला ना कुठला सेल चालू असतो. वन्संनी वर्षभराच्या किमती लिहून ठेवल्या होत्या. आठवडाभर आधी भाव चढवायचा आणि मग निम्मा करून पाटी लावायची, हे दिसलं की त्या लिहायच्या, "ही सवलत नव्हे. तराजूची दांडी मारली आहे."

रोज दुपारी चार वाजता त्यांची यादी फोनवरच्या ग्रुपवर जायची. सुरुवातीला आमच्या मुलाचे सहा मित्र होते. मग अकराशे माणसं झाली. एक बस कंडक्टर, एक दातांच्या डॉक्टरीणबाई, कपडे धुण्याचं दुकान चालवणारं एक जोडपं. त्या जोडप्यातल्या बायकोने एकदा विचारलं, "मावशी, नवऱ्याला आणि मला मिळून खेळता येईल असं स्वस्तातलं काही आहे?" वन्संनी उलट विचारलं, "भांडण मिटवायचंय की रंगवायचंय? दोन्ही आहेत." कुणाकडून छदाम घेतला नाही. खेळ बनवणाऱ्या कंपन्या फुकट देऊ करायच्या तेही परत. यादीच्या तळाशी रोज एकच ओळ असायची: "पाच तास खेळल्याशिवाय कुठल्याही खेळाबद्दल मत बनवू नका."

ही ओळ लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तिच्यावरून मला पुढे फार संताप आला.

त्या सगळ्या खेळांत एक त्यांचा स्वतःचा होता. म्हणजे तपासायला गेल्या आणि तिथेच राहिल्या असा. तो आधी विकत घ्यावा लागायचा, शिवाय वर्गणी. पण एकदा आत गेलं की कुणी हात पसरत नसे. तिथे नदीकाठी त्यांची माशांची टपरी होती. शेजारी 'बगळा' नावाचा कुणी गळ टाकून बसायचा. तो कोण, कुठला, वय काय, ह्याची चौकशी वन्संनी पावणेतीन वर्षांत केली नव्हती. "मासे धरताना कुणी ओळखपत्र विचारतं का?"

एका सोमवारी मी भाजी चिरत होते. आतून मोठ्याने हाक आली. "वहिनी! ये, लवकर ये!" धावत गेले. वाटलं, पडल्या की काय. तर बाई खुर्चीत ताठ बसलेल्या, चेहरा लाल, हसू मावत नाही. त्यांच्या त्या खेळावर नव्वद टक्के सवलत लागली होती. आजवर वीस टक्क्यांच्या वर सवलत कधी गेली नव्हती. त्यांनी वर्षभराच्या किमती काढून दाखवल्या. भाव चढवलेला नाही, अटी बदललेल्या नाहीत, काहीच काळंबेरं नाही. एरवी 'घ्यायला हरकत नाही' ह्यापलीकडे न जाणाऱ्या बाईंनी त्या दिवशी लिहिलं, "काटा सरळ. डोळे झाकून घ्या." संध्याकाळपर्यंत दोनशे बारा माणसांनी कळवलं, घेतला.

सेल बुधवारी संपला. रविवारी सकाळी मी दिव्याची वात नीट करत होते तेव्हा पुन्हा हाक आली. ह्या वेळी हळू. "वहिनी, जरा इकडे येतेस?"

पडद्यावर कंपनीचं निवेदन होतं. जड अंतःकरणाने, वगैरे. पुढच्या महिन्याअखेरीला खेळ कायमचा बंद. ज्या यंत्रांवर तो मुलूख चालतो ती यंत्रंच बंद करणार, म्हणजे विकत घेतलेला खेळ कुणाकडे असला नसला सारखाच. गावही नाही, नदीही नाही.

"म्हणजे सोमवारी कंपनीला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"बंद करायच्या दुकानाचा माल होता तो. आणि मी त्यावर शिक्का मारला."

मला ह्या खेळांचं कधी प्रेम नव्हतं. पण त्या क्षणी, मरणाऱ्या माणसाच्या नावाने कुणी वर्गणी गोळा करावी आणि खिशात घालावी, तसं वाटलं मला.

ग्रुपवर तासाभरात दोनशे निरोप. बरेच विचारणारे. काही कडू. त्या कंडक्टरने लिहिलं, "मावशी, एका माणसामागे किती मिळाले? डोळे झाकून घ्या म्हणालात, आम्ही झाकले." वन्संनी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. त्या दिवशी माझ्या जपात राम राहिला नाही. मणी पुढे सरकत होते आणि डोक्यात ते एक वाक्य. देवाला म्हटलं, राग येणं पाप असेल तर आजचं माझ्या नावावर लिही, पण शांत हो म्हणू नकोस.

जेवायला बसल्यावर ह्यांनी भर घातली. "अगं चिमे, खेळच तर आहे. माणूस मेलं का कुणी?"

वन्संच्या आधी मी बोलले. "तुम्ही रात्रभर रांगेत उभं राहून सामन्याचं तिकीट काढायचं, आणि आत गेल्यावर सांगायचं, दहा मिनिटांत मैदान नांगरणार आहोत, पैसे मिळणार नाहीत. मग म्हणाल, खेळच तर आहे?"

"पण मी काय केलं? माझ्यावर का ओरडतेस?"

"तुम्ही समोर आहात म्हणून."

दुकानाचा एक नियम होता. घेतल्यापासून दहा दिवसांच्या आत आणि तीन तासांहून कमी खेळलं असेल तर पैसे परत. सोमवारी घेणाऱ्यांची मुदत येत्या गुरुवारपर्यंत होती. म्हणजे चार दिवस. वन्संनी ताबडतोब सगळ्यांना कळवलं, आजच मागणी करा. एकशे अठ्ठेचाळीस जणांचं काम झालं. उरले चौसष्ट. ते तीन तासांहून जास्त खेळले होते. का खेळले? कारण त्यांच्या मावशीने रोज बजावलं होतं, पाच तास खेळल्याशिवाय मत बनवू नका. ज्यांनी त्यांचं ऐकलं नाही ते सुटले; ज्यांनी शब्द पाळला ते अडकले. धुलाईवालं जोडपं अडकलं. कंडक्टर अडकला; पाच तास सात मिनिटं खेळला होता, घड्याळ लावून.

दुकानाच्या मदत-खिडकीत वन्संनी लिहायला घेतलं तर तिकडे माणूसच नाही, यंत्र उत्तरं देतंय. "आपल्या भावना आम्ही समजतो."

"मी भावना लिहिल्याच नाहीत," वन्सं पुटपुटल्या आणि पुन्हा टाइप केलं.

"आपल्या भावना आम्ही समजतो."

"वन्सं, त्याला विचारा, तुझी आई कोण," मी म्हटलं.

"नको. समजतो म्हणेल."

सोमवारी सकाळी त्या काठी घेऊन निघाल्या. मीही गेले, जिन्यासाठी. त्यांचं जुनं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. तीच लोखंडी कपाटं, त्यांच्या वरती धूळ खात पडलेले जप्त केलेले तराजू, दाराशी शिपायाचं स्टूल. वन्संच्या हाताखाली शिकलेला माणूस आता साहेब झाला होता. उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतलं. मग अवघडून म्हणाला, "बाई, किंमत बरोबर होती. सवलत खरी होती. मी कशावर बोट ठेवू?"

"माल सडका होता."

"तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला. आपण काटा तपासायचा. माल नाही."

वन्संनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. सव्वीस वर्षं हे वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं होतं. गिऱ्हाईक किडके दाणे घेऊन तक्रार करायला यायचं, तेव्हा त्या म्हणायच्या, दाणे आमच्याकडे नाहीत, वजन बरोबर आहे, जा. ह्या वेळीही त्यांनी तेच केलं होतं. वर्षभराची किंमत तपासली. खेळ जगणार किती दिवस, हे विचारलंच नाही. वजन चोख निघालं म्हणून डोळे झाकले, आणि माल आपल्याच गावचा होता म्हणून घट्ट झाकले.

रिक्षात बसल्यावर मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "त्याचं चुकलं नाही. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण त्याचं काही चुकलं नाही."

घरी येऊन त्यांनी सगळी रजिस्टरं जमिनीवर पसरली आणि मला चष्मा घेऊन बसवलं. "माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. त्या खेळाबद्दल मी गेल्या सहा महिन्यांत काय काय लिहिलंय ते तू वाच. मोठ्याने."

मी वाचत गेले. मासे, लाकडं, नदीकाठी नवीन पूल. आणि मग सेलच्या तीन आठवडे आधीची एक ओळ आली: "वर्षाची वर्गणी घेणं बंद केलं आहे. आता फक्त महिन्याची. लोकांकडून आगाऊ पैसे मागत नाहीत, चांगली गोष्ट."

वन्संनी डोळे मिटले.

"चांगली गोष्ट," त्या म्हणाल्या. "वर्षाचे पैसे घेतले नाहीत, कारण वर्ष उरलंच नव्हतं. माझ्या हाताने लिहिलंय, तारीख घालून. आणि मी त्यांना प्रामाणिक म्हटलं!" रजिस्टर त्यांनी असं आपटलं की शाईपेन पलंगाखाली गेलं.

पण तीच ओळ कामाला आली. कंपनीला आधीपासून ठाऊक होतं ह्याचा तो तारखेसकट पुरावा होता, आणि वर्गणीच्या पानाचा त्या दिवशी काढलेला फोटोही कॉम्प्युटरमध्ये होता. वन्सं फोटो काढल्याशिवाय काही लिहीत नाहीत. आता कंपनीला सोडून थेट विकणाऱ्या दुकानाला धरायचं ठरलं: मुदत संपत आलेला माल मुदत न सांगता विकलात. एकाच मजकुराची चौसष्ट पत्रं गेली असती तर त्या यंत्राने एका फटक्यात केराच्या टोपलीत टाकली असती. म्हणून प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहायचं, पुरावा तोच जोडायचा. कुणाला लिहिता येत नव्हतं, कुणाला वेळ नव्हता, कुणी म्हणे जाऊ दे मावशी. मंगळवार-बुधवार मी फोनला चिकटून होते. मला रोजनिशी लिहायची सवय असल्याने कुणी चार वाक्यं बोललं की त्यांचं पत्र मी उतरवून द्यायची. स्वयंपाक ह्यांनी केला. त्याबद्दल न बोललेलं बरं.

कंडक्टरला फोन वन्संनी स्वतः लावला.

"तुमचं पत्र राहिलंय."

"मावशी, मी ते कमिशनचं बोललो..."

"त्याचा हिशेब नंतर. किती वाजता घेतलात?"

"सोमवारी, सव्वापाचला. तुमची यादी आली आणि डेपोतच घेतला."

"मग उद्या सव्वापाचच्या आत पत्र गेलं पाहिजे. लिहा. मी सांगते तसं नको, तुमच्या तोंडाला येईल तसं. शिव्या तेवढ्या गाळा."

"शिव्या गाळल्या तर काय उरतं?"

"तारीख."

चार दिवसांत त्या एकदाही खेळात शिरल्या नाहीत. मी म्हटलं, बगळ्याला तरी निरोप द्या. "कुठल्या तोंडाने? आधी हे."

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला एकेकाचे निरोप यायला लागले. पैसे परत आले. धुलाईवाल्यांचे आले, डॉक्टरीणबाईंचे आले, कंडक्टरचे आले. चौसष्टच्या चौसष्ट. मी देवापुढे हात जोडले आणि आतून वन्संचं बोलणं ऐकू आलं. त्या दुकानाचं उत्तर वाचत होत्या. 'ग्राहकांवरील प्रेमापोटी, अपवाद म्हणून, ज्यांनी संपर्क साधला त्यांना' पैसे परत करण्यात येत आहेत.

"प्रेमापोटी," वन्सं म्हणाल्या. "बघ वहिनी. चोर पकडला गेला आणि म्हणतो, तुमच्यावर जीव आहे म्हणून पाकीट परत करतो. आणि ज्यांनी संपर्क साधला नाही ते? हजारोंनी घेतला असेल. त्यांना कोण सांगणार? ज्याची मावशी नाही त्याचं काय?"

हेच मी त्या दिवशी देवालाही विचारलं.

ग्रुपवर लोक आनंदात होते. वन्संनी त्यांना लिहिलं: "तुमचे पैसे आले, माझी चूक गेली नाही. मी किंमत बघितली, मुदत बघितली नाही. ह्यापुढे खेळ किमान किती महिने चालू ठेवणार हे कंपनीने लेखी दिल्याशिवाय तो माझ्या यादीत येणार नाही." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी सवलतीत चालू असलेल्या अकरा खेळांच्या कंपन्यांना हाच प्रश्न पाठवला. उत्तराला तीन दिवस दिले. तोवर यादी बंद.

सोमवारी दुपारपर्यंत चौघांकडून आपोआप येणारी पोच आली होती. एकाने लिहिलं होतं, आम्ही भविष्याबद्दल अत्यंत उत्साही आहोत. सहा जण गप्प.

चार वाजायला पाच मिनिटं होती. वन्संनी तारीख घातली, मथळा घातला. खाली काहीच नाही.

"अहो, एखादा तरी टाका," मी म्हटलं. "अकराशे माणसं वाट बघतायत."

"कुठला टाकू? तू सांग. उत्साही आहे तो?"

त्यांनी तशीच कोरी यादी पाठवून दिली. दोन मिनिटांत फोन वाजला. त्यांनी तो मोठ्या आवाजावर टाकला. कंडक्टर होता, मागे बसचं इंजिन घरघरत होतं.

"मावशी, यादी उघडत नाहीये नीट. नुसती तारीख दिसतेय."

"उघडली आहे. एवढीच आहे."

"एकही नाही? मग आज घ्यायचं काय?"

"काही घ्यायचं नाही."

पलीकडे कुणीतरी घंटी मारली. "आणि उद्या?"

"उद्या त्यांना परत विचारणार आहे," वन्सं म्हणाल्या. "तुम्हीही विचारा. पत्र लिहिता येतं आता तुम्हाला."